गोजरवाडीचा हिरवा ओटा

रुद्राणीबाईंना लोह्यापासून बिलोलीपर्यंतच्या खेड्यांत कुणी आडनावानं ओळखत नाही. नांदेडच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख, दारावर डॉक्टरेटची पाटी. खेड्यात मात्र नुसत्या 'पाणीवाल्या बाई'. खांद्याला कापडी पिशवी आणि तिच्यात रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या. एसटीत एखादा नवा कंडक्टर विचारायचा, "बाई, भंगार का?" बाई म्हणायच्या, "हाव, तुमची गाडी घालता का त्यात?" सगळी एसटी हसायची. बाईंना माणसं हसवून आपलीशी करायची कला होती, आणि पुढं जे झालं त्याला ही कलाही थोडी कारण आहे. आपल्याला हसवणाऱ्या माणसाला कुणी उलट प्रश्न विचारत नाही.

बाई मूळच्या अहमदपूरच्या. वडील धोंडप्पा धान्याच्या मोंढ्यात हमालांवर देखरेख करायचे. पोरीनं शिक्षिका व्हावं, लग्न करावं, एवढीच त्यांची उडी. पोरगी रमली प्रयोगशाळेत. तिथले प्राध्यापक फळ्यावर शिकवायचे. हातावर शिकवायचे ते बसलिंगप्पा. ते लॅबमधले मदतनीस, मॅट्रिक नापास, पण नळीतला थेंब कुठं थांबवायचा हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्यांचा एकच कायदा होता. वहीत चुकलेला आकडा खोडायचा नाही. त्याच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी. शेजारी बरोबर आकडा लिहायचा, खाली सही आणि चूक कळली ती तारीख.

एकदा रुद्राणीनं एक आकडा ब्लेडनं खरवडला. बसलिंगप्पांनी तिला सबंध वर्षाची वही पुन्हा लिहायला लावली. ती रडली तेव्हा म्हणाले, "चूक झाकली की सडती, पोरी. उघडी ठेवली की वाळती."

हे वाक्य बाईंनी पुढं तीस वर्षं प्रत्येक तुकडीला ऐकवलं. सांगताना त्यांचा गळा दाटून यायचा. दुसऱ्याच्या चुकांबद्दल बोलताना गळा दाटून येणं सोपं असतं.

पाण्याचं काम सुरू झालं ते जमिनीखालच्या फ्लोराइडमुळं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या आत असेल तर पाणी पिता येतं. त्याच्यावर गेलं आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं, की लेकरांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, मग गुडघे वाकायला लागतात. एकदा वाकलेलं हाड पुन्हा सरळ व्हायला फार अवघड. बाईंनी बचत गटाच्या बायकांना तपासणी शिकवली. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. गुलाबी राहिलं तर चांगलं, पिवळं झालं तर वाईट. मग चांगल्या बोअरचा ओटा हिरवा रंगवायचा, वाईटाचा लाल. ज्यांना अक्षर लागत नाही त्यांनाही रंग कळतो. बाईंची ही युक्ती खरंच नामी होती, आणि ती बघायला लातूरहून, परभणीहून लोक यायचे.

गोजरवाडी हे बिलोलीकडचं दीडशे उंबऱ्यांचं गाव. तिथल्या गटाची प्रमुख कस्तुराबाई, साठीची, आवाज असा की शिवारातला माणूस घरी यावा. २०१८ च्या दिवाळीआधी तिथल्या बोअरचं पाणी तपासलं ते रुखसारनं. रुखसार गोजरवाडीचीच. बाप लहानपणीच गेलेला, आई बानो गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. बानोच्या दारात तीन वेळा जाऊन, चहा पिऊन, शेवटी चक्क भांडून रुद्राणीबाईंनी या पोरीला नांदेडच्या वसतिगृहात नेलं होतं. तिचा हात असा स्थिर की बाई म्हणायच्या, "ही उद्या माझ्या खुर्चीत बसणार." नळीतलं पाणी गुलाबी राहिलं. नांदेडच्या यंत्रावर आकडा आला ०.८. रजिस्टरात तपासणारी म्हणून रुखसारची सही झाली आणि खाली बाईंची.

ओटा हिरवा झाला. बायकांनी नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं. निघताना बाई म्हणाल्या, "रंग उडू देऊ नका गं बायांनो."

बायकांनी तो शब्द पाळला. दरवर्षी दसऱ्याआधी घरं सारवायला काढली की वर्गणीतून हिरव्या रंगाचा डबा यायचा, ओटा घासून धुऊन पुन्हा चकचकीत व्हायचा. बाई त्याचे फोटो काढून भाषणांत दाखवायच्या. टाळ्या पडायच्या. रंग उडू देऊ नका असं बाई म्हणाल्या होत्या. पाणी दरवर्षी तपासा असं त्या ठासून म्हणाल्या नव्हत्या. त्यांना नवं गाव धरायची घाई होती. पंचविसाची तीस, तिसाची चाळीस.

आणि मधेच २०१९ चा उन्हाळा येऊन गेला. बोअर आटला. पंचायतीनं मशीन आणून तेच भोक दोनशे फुटांवरून पावणेपाचशेवर नेलं. धो धो पाणी लागलं. पाइप तोच, ओटा तोच, रंग तोच. हे आता दुसरंच पाणी आहे, खालच्या दगडातलं, असं कुणाच्या डोक्यात यावं? कस्तुराबाईनं तरी आनंदानं नांदेडला फोन केला होता. "बाई, बोअर खोल केला. लई पाणी लागलं!"

"छान झालं, मावशी," बाई म्हणाल्या. त्या एका बैठकीच्या दारात उभ्या होत्या. पाणी जितकं खोलातलं तितका फ्लोराइडचा धोका जास्त, हे त्या दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहायच्या. त्या दिवशी फोन ठेवला आणि बैठकीत जाऊन बसल्या.

पाणी मुबलक झालं तशा शेजारच्या दोन वस्त्याही हिरव्या ओट्यावर यायला लागल्या. गावाबाहेरचा जुना आड होता, रहाट ओढून हात भरून यायचे, त्याच्याकडं कुणी फिरकेना. त्याला रंगच नव्हता.

२०२२ च्या मार्चमध्ये रुखसार सुट्टीला घरी आली. एमएस्सीचं पहिलं वर्ष. सवयीनं तिनं घरच्या घागरीतलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, आणि पाणी पिवळं झालं. तिनं दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. औषध जुनं झालं असेल म्हणून यंत्रावर बघायला पाणी नांदेडला न्यायचं ठरवलं. घरात प्लास्टिकची स्वच्छ बाटली नव्हती, म्हणून सरबताची काचेची बाटली उकळून घेतली.

ती पोचली त्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये बाईंचं शिबिर होतं. चाळीस गावांच्या बायका मांडी घालून बसलेल्या. रुखसार धापा टाकत पुढं आली. "बाई, आमच्या गावचं पाणी पिवळं येऊन राहिलंय."

बाईंनी आधी बाटली बघितली. "काचेची? फ्लोराइडचा नमुना काचेत? चार वर्षं काय शिकवलं मी तुला?" आणि शिबिराला आयता धडा सापडल्यासारखी ती बाटली उंच धरून दाखवली. "बघा बायांनो, असं करायचं नसतं. अशा पाण्याचा आकडा खोटा येतो." सगळ्यांसमोर त्यांनी ते पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. हॉल हसला. कस्तुराबाई सगळ्यात मोठ्यानं हसली, कारण पोरगी तिच्याच गावची होती.

"नीट बाटलीत आण, मग बघू," बाई म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्याकडं वळल्या.

जूनमध्ये रुखसारनं शिक्षण सोडलं. लोह्यात एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी धरली. बाईंनी दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. लग्न ठरलं असेल, असं बाईंना वाटलं. इतक्या पोरी उंबऱ्याबाहेर काढणाऱ्या बाईच्या मनातही शेवटी हेच आलं, आणि त्यावर त्यांनी विश्वासही ठेवला.

गावात रुखसारनं सांगायचं तेवढं सांगितलं होतं. "मावशी, ह्ये पाणी पिऊ नका." कस्तुराबाई म्हणाली, "बाईपेक्षा तू शहाणी का ग? वटा हिरवा हाय, दिसंना का?" त्या दिवसापासून बानो एकटी आडावर जायची. डोक्यावर घागर घेऊन अर्धा मैल. गावात कुजबुज झाली, ह्यांना आता आपलं पाणीबी चालंना.

२०२५ च्या जानेवारीत कस्तुराबाई नातीला घेऊन नांदेडला आली. पुनम नऊ वर्षांची. चालताना तिचे गुडघे एकमेकांवर आपटायचे आणि पावलं एकमेकांपासून लांब पडायची. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? "हिरव्या वट्याचं," कस्तुराबाईनं अभिमानानं सांगितलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक शब्द लिहून पाणी तपासायला सांगितलं. म्हणून कस्तुराबाई सरळ आपल्या हक्काच्या माणसाकडं, बाईंकडं आली.

बाईंनी पुनमला लिमलेटची गोळी दिली. पोरगी हसली आणि हसताना तिनं तोंडावर हात धरला. बाईंनी तो हात हळूच बाजूला केला. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. त्या स्टुलावर बसल्या आणि कस्तुराबाईलाच विचारलं, "मावशी, बोअर कधी खोल केला म्हणालात?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः जाऊन नमुना आणला. आकडा आला ५.२. पुन्हा केलं, ५.२. तिसऱ्यांदा केलं तेव्हा यंत्र बिघडलेलं निघावं म्हणून त्या अक्षरशः देवाची करुणा भाकत होत्या. यंत्र ठीक होतं. मग त्यांना ती सरबताची बाटली आठवली. फ्लोराइड काच खातं. काचेत ठेवलेल्या पाण्याचा आकडा खोटा आला तर कमी येईल, जास्त येणार नाही. म्हणजे पोरीच्या काचेच्या बाटलीतलं पाणी यंत्राला लावलं असतं, तर आलेला आकडा निदान तेवढा तरी खरा असता. हे दुसऱ्या वर्षाच्या पोरांना कळतं. त्या दिवशी हॉलमध्ये ते कळलं नाही ते फक्त विभागप्रमुखांना.

गावात बातमी पसरली. सतरा लेकरांचे दात, पाचांचे गुडघे. गाव पेटलं, आणि पेटलेल्या गावाला सापडलं रजिस्टर. तपासणारी: रुखसार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. कुणीतरी म्हणालं, त्यांना ठावं व्हतं, म्हणून तर मायलेकी आडाचं पाणी पिऊन राहिल्या. दुसऱ्या दिवशी दोघी बायका बानोकडं आल्या आणि टाकलेलं कापड न शिवताच परत घेऊन गेल्या. आठवडाभरात सगळीच कापडं गेली. मशीनवर बानोनं चादर टाकली.

बाईंना हे कळलं. कॉलेजच्या संस्थेचे सचिव व्यंकटराव त्यांना केबिनमध्ये बोलावून समजावत होते. माणूस वाईट नव्हता, तीच अडचण होती. "बाई, गावानं त्या मुलीचं नाव घेतलंय, तुम्ही नाही घेतलं. गप्प राहा. तुमचं नाव गेलं तर चाळीस गावांतल्या बायका उद्या कुठल्या रंगावर विश्वास ठेवतील? लाल ओट्याचंही पाणी पितील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

यातलं लाल ओट्याचं खरं होतं, म्हणूनच ते सोयीचं होतं. बाई आठ दिवस गप्प राहिल्या. त्या वाईट नव्हत्या, भ्याल्या होत्या, असं म्हणून मला त्यांना सोडून देता येत नाही. आठ दिवस बानोच्या मशीनवर चादर होती.

नवव्या दिवशी त्या लोह्याला गेल्या. रुखसार रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. हात तसाच स्थिर. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा चिठ्ठ्या चिकटवायला लागली.

"तुझं बरोबर होतं," बाई म्हणाल्या.

"मला ठावं हाय, मॅडम."

मॅडम. इतक्या वर्षांत तिनं कधी हा शब्द वापरला नव्हता. बाईंना तो लागला, आणि लागायला नको होता तिथं त्यांना रागही आला. माणूस अपराधी असला की असं होतं. "मग परत का नाही आणलंस? मी म्हटलं होतं ना, नीट बाटलीत आण म्हणून!"

रुखसारचा हात पहिल्यांदा थांबला. "आणलं व्हतं. सात दिवसांनी. प्लास्टिकच्या बाटलीत, नाव-तारीख घालून. तुम्ही दौऱ्यावर व्हता. टेबलावर ठिवली, संगं चिठ्ठी ठिवली. मी दोन महिने वाट पाहिली, मॅडम. रोज वर्गात तुमच्या तोंडाकडं बघायची, आज इचारतील, उद्या इचारतील. तुम्ही इचारलंच न्हाई."

"मला सांगायचंस गं..."

"कसं सांगू? पुन्हा सगळ्यांम्होरं वतलं असतं तर?"

संध्याकाळी नांदेडला परतल्यावर बाईंनी लॅबचं कपाट उपसलं. सगळ्यात खालच्या फळीवर, शिबिराच्या जुन्या बॅनरमागं, टेबल आवरताना कुणीतरी ढकलून दिलेल्या बाटल्या होत्या. तिसरी बाटली. वळणदार अक्षर: गोजरवाडी, बोअर, २१ मार्च २०२२, रुखसार. झाकण घट्ट बसलेलं होतं. चिठ्ठी मिळाली नाही. बाईंनी पाणी यंत्राला लावलं. ४.९.

बेसिन दोन हातांवर होतं. बाटली ओतली असती तर या जगात कुणाला पत्ता लागला नसता; पोरीचा शब्द आणि बाईंचा शब्द, गाव कुणाचा धरील हे ठरलेलं होतं. बाईंनी बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. मग त्यांनी वहीत ४.९ लिहिलं, शाईनं, आणि खाली नमुना आणणारीचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर त्या रडल्या. बसलिंगप्पा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. ते असते तर त्यांनी या वेळी सबंध आयुष्याची वही पुन्हा लिहायला लावली असती, असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी त्या गोजरवाडीत उतरल्या. आधी बानोच्या घरी गेल्या. बानोनं दार उघडलं, आत या म्हणाली नाही. "बाई, तुमी तीनदा आल्ता तवा माझ्या लेकीला न्यायला. आता काय न्यायचं राहिलं?" मागून रुखसार बाहेर आली. बाईंनी आदल्या दिवशी फोन केला होता, ती येईल याची खात्री नव्हती. ती बाईंच्या मागून चार पावलं अंतर ठेवून ओट्यापर्यंत चालत आली.

ओट्याशी गाव जमलं होतं. दसऱ्याला दिलेला हिरवा रंग उन्हात चमकत होता. बाईंनी या वेळी कुणाला हसवलं नाही. ती बाटली वर धरली आणि सांगितलं. पाणी पहिल्यांदा चांगलं होतं. बोअर खोल झाल्यावर पाणी बदललं, मला फोन आला होता, मी तपासलं नाही. या पोरीनं तपासलं, मला सांगितलं, मी ते सगळ्यांसमोर ओतून दिलं. तिनं पुन्हा आणून दिलं, मी बघितलं नाही. "रजिस्टरात तिचं नाव आहे ते पहिल्या पाण्यासाठी, आणि ते खरं होतं. चूक माझी आहे. तिची नाही, तिच्या आईची नाही. माझी."

कुणी ओरडलं नाही. शिवी आली असती तर बरं झालं असतं असं बाईंना वाटलं. आपण सहा वर्षं घासून, धुऊन, वर्गणी काढून काय रंगवत होतो, हे हळूहळू बायकांच्या चेहऱ्यांवर उतरत होतं. एकीनं पदर तोंडाला लावला.

बाईंनी पिशवीतून लाल रंगाचा डबा काढला. गावाला वाटलं, आता सगळा ओटा लाल करणार. बाईंनी हिरव्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आडवी लाल रेघ ओढली. खालचं हिरवं तसंच दिसत राहिलं. रेघेशेजारी त्यांनी ५.२ लिहिलं, आणि वाकून, गुडघे टेकून आपलं नाव लिहिलं. 'रुद्राणी' नीट आलं नाही. मग त्या तारीख घालायला लागल्या.

रुखसारनं पुढं होऊन त्यांच्या हातातला ब्रश घेतला.

"आजची न्हाई, बाई," ती म्हणाली. "चूक कळली ती तारीख घालायची असती. तुमीच शिकवलं."

आणि तिनं सहीखाली तिच्या त्या स्थिर हातानं लिहिलं: २१ मार्च २०२२.

कस्तुराबाईला अक्षर लागत नव्हतं. तिनं शेजारणीला विचारलं, काय लिहिलंय. शेजारणीनं वाचून दाखवलं. म्हातारीनं बोटांवर वर्षं मोजली, एकदा, मग पुन्हा एकदा. बाई अजून गुडघ्यांवरच होत्या. कस्तुराबाईचा तो शिवारभर जाणारा आवाज आता समोरच्यालाही जेमतेम ऐकू आला.

"तवा माझी पुनम पळत व्हती, बाई."